‘पाव नाही? मग केक खा’ असं राणी म्हणाली होती का?

राज्यक्रांतीआधी फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने भुकेल्या प्रजेला केक खायला सांगितलं, हा किस्सा आपण सगळ्यांनीच ऐकलाय.

तारखा ताडून पाहा. हे वाक्य येतं १७६०च्या दशकात एका फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिलेल्या आत्मचरित्रात, तेही नाव न घेता ‘एका थोर राजकन्ये’च्या तोंडी. तेव्हा ही राणी ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती; फ्रान्सला आली १७७० साली. मूळ शब्दही ब्रिओश, म्हणजे लोणी-अंड्यांचा पाव. केक नव्हेच.

आणि दरबार हातावर हात ठेवून बसला नव्हता. १७७५ साली धान्य-पाव महागल्याने उसळलेल्या ‘पिठाच्या दंगली’ सैन्याने मोडल्या. १७८८चं पीक बुडाल्यावर धान्याची निर्यात थांबवली, परदेशातून धान्य मागवलं. पण तिजोरीतच खडखडाट! शेवटी पैसा उभारायला मे १७८९मध्ये, आधीच्या सभेनंतर तब्बल १७५ वर्षांनी, धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा भरवावी लागली.