टेरिकॉट सोडवताना कापसाचं काय होतं

टेरिकॉटसारख्या जुन्या मिश्र कापडातलं पॉलिएस्टर वेगळं काढून त्याचा नवा धागा करता येतो, अशा बातम्या अलीकडे वरचेवर येतात. २० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीजवळच्या वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला बसली, तेव्हापासून विदर्भातही हा विषय निघू लागला आहे. बातमीत सगळा भर पॉलिएस्टरवर असतो. त्याच कापडात कापूसही असतो, आणि त्याचं पुढे काय होतं ते शेवटच्या ओळीत उरकलं जातं किंवा राहूनच जातं. कापूस पिकवणाऱ्या मुलखाने या विषयाकडे त्या ओळीपासून पाहायला हवं, म्हणून ही मांडणी.

वऱ्हाडच्या कापसाचा जुना इतिहास, म्हणजे अमेरिकेतल्या यादवीने आलेली तेजी, १८७० मध्ये खामगावला पोचलेला रेल्वेचा फाटा, १८७७ ची नागपूरची गिरणी, हे वाचकांना माहीत आहेच. त्या काळात जुन्या कापडाची विल्हेवाट हा प्रश्न नव्हता. लुगडं फाटलं की त्याची वाकळ व्हायची, वाकळ विरली की तिची फडकी आणि शेवटी सारवणाचं पोतेरं. पोतेऱ्यातला कापूस मातीत जायचा.

पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, मँचेस्टरजवळच्या दोन रसायनशास्त्रज्ञांचा. इंग्लंडात त्याचं व्यापारी नाव टेरिलीन. त्यातलं 'टेरि' आणि कॉटनमधलं 'कॉट' जोडून टेरिकॉट झालं. १९६० च्या दशकात हा तंतू आपल्याकडे बनू लागला आणि १९७० च्या दशकात टेरिकॉट खेड्यापाड्यांत पोचलं. सगळ्यात रुळलेलं प्रमाण ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के कापूस. पॉलिएस्टर इस्त्रीची घडी धरतं आणि झिजत नाही, कापूस घाम टिपतो. ज्या घरात पोराला शाळेचा एकच गणवेश होता, तिथे रात्री धुवून दांडीवर टाकलेला शर्ट सकाळी वाळलेला मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. टेरिकॉट गरिबांवर कोणी लादलं नाही. त्यांनी ते हौसेने घेतलं, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

वाद पेटला तो जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणावरून. त्याआधी कृत्रिम धागा ही चैनीची वस्तू मानून त्यावर जबर कर होते. नव्या धोरणाने गिरण्यांना कापूस आणि कृत्रिम धागा हव्या त्या प्रमाणात वापरायची मोकळीक दिली आणि कृत्रिम धाग्यावरचे कर उतरवण्याची दिशा घेतली. सरकारचं म्हणणं असं की गरिबाला टिकाऊ कापड स्वस्तात मिळायला हवं. शेतकऱ्यांचं म्हणणं असं की टिकाऊ कापड स्वस्त झालं तर कापूस कोण विकत घेणार? राज्यात तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याला आपला माल दुसरीकडे नेऊन विकायची मुभा नव्हती, आणि त्याच वेळी गिरणीला मात्र दुसरा धागा घ्यायची मुभा मिळाली. ही विसंगती त्या धोरणाच्या समर्थकांनी कधी नीट सोडवली नाही. आजही कापसाच्या भावाची चर्चा कृत्रिम धाग्याच्या किमतीला वगळून पुरी होत नाही, त्याचं एक मूळ त्या निर्णयात आहे.

शेतकऱ्यांच्या एका मोठ्या संघटनेने या कापडाला तेव्हाच्या पंतप्रधानांच्या नावावरून 'राजीवस्त्र' म्हटलं आणि त्याच्या होळ्या केल्या. हा शब्द गाजला, पण त्याने एक घोटाळाही करून ठेवला. राजीवस्त्र म्हणजे नेमकं कोणतं कापड? निव्वळ पॉलिएस्टरची साडी, की टेरिकॉटचा शर्टही? बोलताना सगळंच त्यात यायचं. टेरिकॉटच्या शर्टात तर तिसरा हिस्सा कापूस होता, तोही कदाचित यवतमाळ-वर्ध्याच्या शेतातला. तो शर्ट होळीत पडला की आपलाच कापूस जळायचा. खादीच्या बाजूलाही हाच गुंता झाला. १९५६ च्या कायद्यातल्या खादीच्या व्याख्येत हाताने कातलेलं सूत, रेशीम आणि लोकर एवढंच बसतं. तरीही पॉलिएस्टर आणि कापसाच्या मिश्रणाचं कापड 'पॉलीवस्त्र' या नावाने खादीच्या दुकानांत येऊन बसलं. सेवाग्रामच्या जिल्ह्यात हा शब्द आजही अवघडल्यासारखा वाटतो. एका नावात राग होता, दुसऱ्यात तडजोड. कापड मात्र दोन्हीकडे मिश्रच होतं, आणि ते उद्या सोडवायचं कसं हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

त्याचं उत्तर त्या होळीतही दिसलं असतं. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आधी आकसतं, वितळतं आणि गार झाल्यावर त्याची कडक काळी गुठळी होते. कापड पारखायला दुकानदार एक धागा काडीवर धरतात, तीच ही परीक्षा. एक वितळतं आणि दुसरं जळतं, म्हणून वितळवून दोन्ही वाचवता येत नाहीत. पॉलिएस्टर वितळायला साधारण २६० अंश सेल्सिअस लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत कापूस करपून सगळा माल बिघडवतो. त्यामुळे 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' अशी चिठ्ठी लावलेल्या कपड्यांतलं पॉलिएस्टर जवळजवळ सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांतून आलेलं असतं, जुन्या कपड्यांतून नाही. बाटलीत कापूस नसतो. मिश्र चिंध्या पानिपतकडे जातात, तिथे यंत्रात पिंजून त्यांचं जाडंभरडं सूत आणि कांबळी होतात. या पिंजण्यात तंतू तुटून आखूड होतात, त्यामुळे त्याचं बारीक कापड पुन्हा होत नाही.

उरतो रसायनाचा मार्ग, आणि तो वाटतो तेवढा नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये लोकर आणि सुताच्या मिश्र चिंध्यांतलं सूत गंधकाम्लाने जाळून लोकर वाचवत. आपल्याकडच्या ब्रासोच्या साड्याही तशाच होतात. कापडावर आम्लाची खळ छापून तापवली की तेवढ्या जागेतलं सूत किंवा व्हिस्कोस (झाडाच्या लगद्यासारख्या मालापासून केलेला तंतू) नाहीसं होतं आणि पॉलिएस्टरची पारदर्शक जाळी उरते. लग्नात ब्रासो नेसलेल्या बाईच्या अंगावर हे तंत्र कधीचं आहे.

२०१७ मध्ये दोन दिशांनी बातम्या आल्या. हाँगकाँगच्या एका संस्थेने उष्णता, दाब, पाणी आणि थोडं सौम्य आम्ल वापरून कापसाची पूड केली आणि पॉलिएस्टरचा तंतू जसाच्या तसा काढला. स्वीडनमधल्या संशोधकांनी उलट केलं. कॉस्टिक सोड्याने पॉलिएस्टर तोडलं आणि कापूस राखून त्यापासून व्हिस्कोस करायची वाट घेतली. तिसरी वाट सेल्युलेजची, म्हणजे बुरशी ज्याने कापूस पचवते त्या विकराची (एन्झाइमची). दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि गणवेश कुजत होते. ते कुजवणारी बुरशी ट्रायकोडर्मा कुळातली निघाली, आणि सेल्युलेजचा उद्योग तिच्यावर उभा राहिला. हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला आपण जी ट्रायकोडर्मा चोळतो, तिचीच ही बहीण. या वाटेने कापसाची साखर होते.

कोणती वाट निवडायची हा प्रश्न निव्वळ तंत्राचा नाही. पूड आणि साखर या वाटांत कापूस तंतू म्हणून उरत नाही. बाजाराला त्या पसंत पडतात, कारण कापडात पॉलिएस्टर दोन हिस्से आहे आणि त्याला ठरलेलं गिऱ्हाईक आहे. बुटीबोरीला १९९० च्या दशकापासून पॉलिएस्टरचा मोठा कारखाना उभा आहे, म्हणजे विदर्भातच एकीकडे रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि दुसरीकडे पॉलिएस्टर ओढलं जातं.

कॉस्टिकच्या वाटेचा हिशेबही मांडून पाहावा. ६७:३३ चं १०० किलो कापड घेतलं, तर त्यातल्या पॉलिएस्टरपासून सुमारे ५८ किलो टेरेफ्थॅलिक आम्ल आणि २१ किलोच्या वर ग्लायकॉल मिळू शकतं. पॉलिएस्टर मुळात याच दोघांपासून बनतं. त्यासाठी सुमारे २८ किलो कॉस्टिक खर्ची पडतं, आणि आम्ल वेगळं काढण्यासाठी गंधकाम्ल वापरलं तर शेवटी पाण्यात ५० किलोच्या आसपास सोडियम सल्फेट, म्हणजे एक प्रकारचं मीठच, उरतं. कागदावरच्या या आकड्यांत रंग, लायक्रा, बटणं आणि चेन धरलेल्या नाहीत, आणि प्रत्यक्षात अडतं ते त्यांनीच. मिठाचा आकडा मात्र आपल्यासाठी फार मोठा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णेचा खारपाणपट्टा जातो. तिथल्या विहिरींचं पाणी पिकाला देता येत नाही, हे तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. त्याच्या शेजारी असा कारखाना आणायचा असेल, तर मीठ कुठे जाणार हे धाग्याच्या भावाआधी विचारलं पाहिजे.

युरोपात १ जानेवारी २०२५ पासून जुनं कापड वेगळं गोळा करणं बंधनकारक झालं आहे, आणि या तंत्राला आलेला वेग बराचसा त्यातून आला आहे. आपल्या खेड्यात गोळा करणारी एकच, भांडेवाली, आणि ती धड कपडेच घेते. फाटकं टेरिकॉट उकिरड्यावर पडतं, तिथून शेणखताबरोबर शेतात येतं. दोन-तीन पावसाळ्यांत मातीतली बुरशी त्यातला कापूस खाऊन टाकते आणि पॉलिएस्टरची विरविरीत जाळी तशीच राहते. डवरणी, म्हणजे उभ्या पिकात कोळपणी, करताना ती डवऱ्याच्या पासेला अडकते. डवरा थांबवून माणूस ती ओढून काढतो आणि धुऱ्यावर फेकतो.