स्लिंग शस्त्रक्रिया : पट्टीचे साहित्य

खोकताना, शिंकताना किंवा जड पिशवी उचलताना बाईची लघवी निसटते, त्या विकाराला ताणजन्य मूत्रासंयम म्हणतात. बाळंतपणात मूत्रमार्गाचा आधार सैल पडणे हे मुख्य कारण. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम पुरे पडले नाहीत, तर मूत्रमार्गाखाली पट्टी (स्लिंग) बसवतात. ठाणे स्थानकाचा जिना चढण्याआधी पॅड लावणारी बाई ‘आता वय झालं’ म्हणून गप्प राहते, हे खेदाचे आहे. विकार बरा होण्याजोगा आहे.

जुनी पद्धत स्वतःच्या ऊतीची. १९४२ मध्ये ऑल्ड्रिज यांनी पोटाच्या स्नायूवरचे चिवट आवरण वापरले. १९७८ मध्ये मॅग्वायर आणि लिटन यांनी ही पद्धत पुन्हा रूढ केली. ही पट्टी योनीत किंवा मूत्रमार्गात क्वचितच घुसते. मात्र पोटावर वेगळा छेद लागतो आणि नंतर लघवीला अडथळा होण्याचा धोका अधिक असतो.

१९९६ मध्ये उल्मस्टेन यांनी सुमारे एक सेंटिमीटर रुंद, पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची जाळीदार टेप आणली. पदार्थ हर्नियाच्या जाळीतलाच. शस्त्रक्रिया छोटी, घरी लवकर जाता येते. इथे विणीला फार महत्त्व आहे. एकेरी धाग्याच्या जाळीची छिद्रे ७५ मायक्रॉनहून मोठी असली, की रोगप्रतिकारक पेशी आत शिरतात आणि ऊती जाळीत रुजते. दाट विणीत जंतू शिरतात, पेशी अडतात. विणलेल्या पॉलिएस्टरची ‘प्रोटेजेन’ पट्टी १९९९ मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली. रुजलेली टेप पुढे पूर्ण काढणे मात्र अवघड असते, आणि हे रुग्णाला आधीच सांगायला हवे.

मृतदात्याची किंवा डुकराच्या त्वचेपासूनची पट्टी विरघळून आधार सुटू शकतो; तिचा वापर मर्यादितच राहिला.

२०१९ मध्ये अमेरिकेने योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्याच्या उपचारातली. लघवीच्या टेपवर ती बंदी नव्हती. ब्रिटनने मात्र २०१८ मध्ये टेपही स्थगित केली.

मूत्रमार्गाला इजा, मूत्रमार्ग आणि योनी यांच्यात पडलेले छिद्र (फिस्टुला) किंवा आधीची जाळी बाहेर आलेली असेल, तर स्वतःच्या ऊतीचीच पट्टी निवडतात. कोणती पट्टी बसवली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. ठाण्यात शस्त्रक्रिया झालेली बाई पुढे वाशीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, तर त्यांना पहिली माहिती तीच लागते.