कायदा सगळ्यांना, धाड ठरावीक वस्तीवर

१ ऑक्टोबर १९३७ रोजी अमेरिकेत गांजावरचा पहिला केंद्रीय कायदा लागू झाला आणि पहिल्याच आठवड्यात कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात दोघे जण पकडले गेले. मोझेस बाका या मेक्सिकन वंशाच्या तरुणाला गांजा जवळ बाळगल्याबद्दल, तर सॅम्युअल कॉल्डवेल या साठीकडे झुकलेल्या, बेकार गोऱ्या मजुराला गांजा विकल्याबद्दल. बाकाला १८ महिन्यांची कैद झाली. कॉल्डवेलला ४ वर्षे आणि वर १,००० डॉलर दंड. केंद्रीय अमली पदार्थ विभागाचे आयुक्त हॅरी अँसलिंगर निकालाच्या वेळी जातीने कोर्टात हजर होते.

जास्त शिक्षा गोऱ्या माणसाला झाली, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण अमेरिकेतल्या गांजाबंदीची गोष्ट हल्ली फारच सोपी करून सांगितली जाते: एक वंशद्वेष्टा अधिकारी होता, त्याला मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय डोळ्यांसमोर नको होते, म्हणून त्याने कायदा आणला, बस्स. घडले ते याहून गुंतागुंतीचे आहे. कायदा वंशद्वेषातून झाला का, हा एक प्रश्न. तो राबवताना वंश पाहिला गेला का, हा दुसरा. पहिल्यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. दुसऱ्यावर मात्र फारसे दुमत उरलेले नाही.

या साऱ्याचा पाया गांजाच्या आधीच घातला गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोने १८७५ मध्ये अफूच्या अड्ड्यांवर बंदी घातली. हे अड्डे चिनी मजुरांचे होते. त्याच काळात गोऱ्या घरांतल्या बायकामुले अफूचा अर्क असलेली औषधे बाटल्यांनी पीत होती, त्याला कुणाची ना नव्हती. १९०९ मध्ये केंद्र सरकारनेही बंदी घातली ती ओढायच्या अफूच्या आयातीवर. औषधी अफूची आयात चालूच राहिली. कोकेनच्या बाबतीत दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांकडे बोट दाखवले गेले. फेब्रुवारी १९१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका डॉक्टरचा लांबलचक लेख छापला. कोकेन घेतलेले कृष्णवर्णीय हे दक्षिणेवरचे नवे संकट आहे आणि त्यांच्यावर साधी गोळीही परिणाम करत नाही, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अफू आणि कोकेनवर केंद्राचे नियंत्रण आणणारा हॅरिसन कायदा झाला.

गांजाची पाळी आली तेव्हा पहिले बोट ज्यांच्याकडे वळले त्यांत चक्क हिंदुस्थानी होते. कॅलिफोर्नियाच्या औषध मंडळाचे सदस्य हेन्री फिंगर यांनी १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय अफूविरोधी मोहिमेतले अमेरिकेचे प्रतिनिधी हॅमिल्टन राइट यांना पत्र लिहिले. गेल्या वर्षभरात आमच्याकडे ‘हिंदू’ लोंढ्याने येत आहेत, त्यांच्यामुळे गांजाला मागणी वाढली आहे आणि आता ते आमच्या गोऱ्यांनाही या सवयीला लावत आहेत, अशी तक्रार त्यात होती. हे ‘हिंदू’ म्हणजे बहुतांशी लाकूड गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी शीख. चारच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९०७ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावातून गोऱ्या मजुरांच्या जमावाने त्यांना मारहाण करून हुसकावून लावले होते. पुढे १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येण्याचा रस्ताच बंद झाला. गंमत अशी की याच गांजावर ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये एक आयोग नेमला होता. हजाराहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे ऐकून त्याने सात खंडांचा अहवाल दिला आणि माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, म्हणून सरसकट बंदी नको, असे सांगितले.

कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये गांजा बंद केला. आता इथे फिंगर यांच्या पत्रावर सगळा भार टाकण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. हा बदल विषविक्री कायद्यातल्या दुरुस्त्यांमधून आला आणि त्यावर लोकांत फारशी चर्चाही झाली नाही. त्या काळात औषध दुकानदारीला शिस्त लावायची लाट होती. जिथे मेक्सिकन किंवा हिंदुस्थानी औषधालाही सापडायचे नाहीत, अशा ईशान्येकडच्या काही राज्यांनीही त्याच सुमारास गांजावर निर्बंध आणले. मेक्सिकोतही चित्र वेगळे नव्हते. तिथल्या वर्तमानपत्रांत गांजा म्हणजे सैनिकांचे आणि तुरुंगातल्या कैद्यांचे वेड, अशी प्रतिमा आधीपासून रुजली होती आणि १९२० मध्ये त्या देशाने स्वतःच बंदी घातली. भीतीचा बराचसा ऐवज सीमेपलीकडूनच आला होता.

पण अंमलबजावणीचे पाऊल कुठे पडले, ते पाहावे. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये औषध मंडळाच्या माणसांनी धाड घातली ती सोनोराटाऊनवर, म्हणजे मेक्सिकन वस्तीवर.

१९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोतून लाखो लोक उत्तरेकडे सरकले. रेल्वेचे रूळ, कापसाची शेते, कोलोरॅडो आणि मोंटानातली शुगरबीटची लागवड, जिथे स्वस्त मजूर हवे होते तिथे ते पोहोचले. टेक्सासमधल्या एल पासो शहराने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वतःचा गांजाबंदीचा नियम केला. मग एकामागून एक राज्ये. मोंटानाच्या विधिमंडळात हा विषय निघाला तेव्हा समितीत हशा पिकला होता. बीटच्या शेतातला मजूर दोन झुरके मारतो आणि आपणच मेक्सिकोचे अध्यक्ष झालो असे समजून शत्रूंना संपवायला निघतो, असे एका डॉक्टर सदस्याने सांगितले आणि विधेयक पुढे सरकले. वैद्यकीय पुरावा म्हणून जे होते, ते एवढेच.

मंदी आली तशी या मजुरांची गरज संपली. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून नोंदवला गेला. निषेध झाल्यावर १९४० मध्ये तो रकाना काढला. त्या दशकात लाखो मेक्सिकनांना, त्यांत अमेरिकेतच जन्मलेल्या नागरिकांनाही, रेल्वेत बसवून सीमेपार धाडले गेले. ज्यांना घालवायचेच आहे त्यांच्या खिशात गांजा सापडणे सगळ्यांनाच सोयीचे होते.

अँसलिंगर १९३० मध्ये नव्या विभागाचे पहिले आयुक्त झाले आणि १९६२ पर्यंत त्या खुर्चीत राहिले. सुरुवातीची काही वर्षे त्यांना गांजात फारसा रस नव्हता. तो राज्यांनीच सांभाळावा असे त्यांचे मत होते. मग भूमिका बदलली, आणि बदलली ती जोरात. भीषण गुन्ह्यांच्या बातम्यांची कात्रणे त्यांनी जमवली. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात १९३३ मध्ये व्हिक्टर लिकाटा या तरुणाने स्वतःचे कुटुंब कुऱ्हाडीने संपवले होते. तो मनोरुग्ण होता, घराण्यातही वेडाचा इतिहास होता. अँसलिंगर यांच्या कथनात मात्र कारण एकच, गांजा. त्यांची स्वतःची भाषा कशी होती, हेही नोंदीत आहे. १९३४ मध्ये एका खबऱ्याचे वर्णन करताना त्यांनी सरकारी परिपत्रकात कृष्णवर्णीयांसाठीची शिवी वापरली आणि पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर जोसेफ गफी यांनी त्यांच्या राजीनाम्याची मागणी केली. खुर्ची मात्र शाबूत राहिली.

देशात एक लाख गांजेकस आहेत आणि त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक, फिलिपिनो व नाच-गाण्यातली मंडळी आहेत, हे अँसलिंगर यांच्या तोंडी घातलेले वाक्य समाजमाध्यमांवर सारखे फिरते. त्याचा मूळ कागद कुणी दाखवलेला नाही. ते वाक्य नसले तरी काही अडत नाही. जे कागदावर आहे तेच पुरेसे आहे.

उदाहरणार्थ, गांजाच्या कायद्यावर १९३७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे झालेल्या सुनावणीचे इतिवृत्त. कोलोरॅडोतल्या अलामोसा गावच्या वर्तमानपत्राचे संपादक फ्लॉइड बास्केट यांचे पत्र त्यात जोडलेले आहे. गांजाची एक लहानशी सिगारेट आमच्या भागातल्या अधःपतित स्पॅनिशभाषक रहिवाशाचे काय करते ते तुम्हाला दाखवता आले असते तर, असा त्याचा मथितार्थ. आमची वस्ती बव्हंशी अशाच लोकांची असल्याने आमचा प्रश्न मोठा आहे, असेही त्यात म्हटले आहे. हे पत्र विभागाने पुरावा म्हणून सादर केले.

समितीसमोर विरोधात ठामपणे बोलणारा डॉक्टर एकच: अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे विल्यम वुडवर्ड. त्यांचे प्रश्न साधे होते. गांजामुळे गुन्हे होतात म्हणता, तर तुरुंग विभागाचा माणूस साक्षीला का नाही? किती कैदी गांजेकस आहेत, हा आकडा कुठे आहे? शाळकरी मुले बिघडत आहेत म्हणता, तर बालकल्याण विभागाला का विचारले नाही? उत्तर मिळण्याऐवजी समितीने त्यांचीच उलटतपासणी घेतली. पुढे सभागृहात कुणीतरी विचारले की डॉक्टरांची संघटना याला अनुकूल आहे का, तेव्हा समितीचे सदस्य फ्रेड विन्सन यांनी पूर्ण पाठिंबा असल्याचे सांगून टाकले, आणि वर साक्षीदार डॉक्टरांचे नावही चुकवले. हेच विन्सन पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. २ ऑगस्ट १९३७ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली.

या कायद्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. नावाला तो कराचा कायदा होता, कारण थेट बंदी घालण्याचा अधिकार केंद्राकडे आहे की नाही याची खात्री नव्हती. नोंदणीकृत माणसाला औंसामागे १ डॉलर, नोंदणी नसलेल्याला १०० डॉलर. म्हणजे मालाच्या किमतीच्या कितीतरी पट कर. तो भरायला जावे तर राज्याच्या कायद्याखाली आपणच गुन्ह्याची कबुली दिल्यासारखे, आणि न भरावा तर २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद. या पेचातून सुटका नव्हती, त्यामुळे ज्याच्या जवळ गांजा तो गुन्हेगार ठरला. मजकुरात वंशाचा शब्दही नव्हता.

वंश येतो तो पुढच्या पायरीवर. चोरीत फिर्यादी असतो, मारामारीत जखमी असतो. जवळ गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात तक्रार करायला कुणीच येत नाही. पोलिसाला स्वतः शोधत जावे लागते. तो कुठे जाणार? ज्या गल्लीत झडती घेतली तर कुणी वकील आणत नाही, मेयरला फोन जात नाही, तिथे. तिथे चार सापडतात, चारांची नोंद होते, आणि पुढच्या वर्षी तीच नोंद दाखवून सांगितले जाते की बघा, हे व्यसन त्याच वस्तीत आहे. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी नेमलेल्या समितीचा १९४४ चा अहवाल बाकी बाबतींत निर्भीड होता. गांजा आणि गंभीर गुन्हे यांचा संबंध त्याने फेटाळला, शाळांमधल्या प्रसाराचे दावेही खोडून काढले. पण ओढणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी आहेत, असे त्यानेही लिहिले. गोऱ्यांच्या बंद दिवाणखान्यांत काय चालते हे मोजायला कुणी गेले होते का, हा प्रश्न तिथे पडतोच.

जॅझवाल्यांवर अँसलिंगर यांचा खास डोळा होता. कॅलिफोर्नियात लुई आर्मस्ट्राँग यांना क्लबबाहेर गांजा ओढताना पकडले गेले होते, तेही केंद्रीय कायद्याच्या कितीतरी आधी. सोबत गोरा ड्रमवादक व्हिक बर्टनही होता. १९४३ मध्ये जीन क्रुपा हे गोरे ड्रमवादक सॅन फ्रान्सिस्कोत अडकले. एकेकाला न उचलता देशभरातल्या वादकांना एकाच दिवशी जाळ्यात घ्यायचे, असा अँसलिंगर यांचा बेत होता आणि त्यासाठी फाइली तयार केल्या जात होत्या. तो तडीस गेला नाही. या कलावंतांत गोरेही होते, हे खरे. पण काळे-गोरे एकत्र बसून वाजवतात, एकाच मंचावर दिसतात, हीच गोष्ट त्या काळी अनेकांना खुपत होती.

१९५१ च्या बॉग्ज कायद्याने आणि १९५६ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा ठरवून दिली. पहिल्यांदा जवळ सापडला तरी २ ते १० वर्षे. पुन्हा सापडला तर न्यायाधीशाने दया दाखवायची म्हटली तरी हात बांधलेले. टेक्सासचा कायदा त्याहून कडक: कितीही कमी गांजा सापडो, २ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

साठच्या दशकात गांजा विद्यापीठांच्या वसतिगृहांत पोहोचला. देशभरात गांजासाठी झालेल्या अटका १९६५ मध्ये २० हजारांच्या आत होत्या, १९७० मध्ये त्या १ लाख ८८ हजारांवर गेल्या. आता कोर्टात उभी राहणारी मुले डॉक्टरांची, वकिलांची, क्वचित आमदारांचीही होती. आणि तीस वर्षे ज्यांना हा कायदा योग्य वाटत होता त्यांना तो अचानक अमानुष वाटू लागला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टिमथी लिअरी खटल्यात १९३७ चा कायदा मोडीत काढला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्यात होती, हे कारण. १९७० च्या नव्या कायद्याने स्वतःपुरता गांजा बाळगण्याची शिक्षा खाली आणली आणि एकेक राज्यही तशीच पावले टाकू लागले.

त्याच सुमारास ह्यूस्टनमध्ये ली ओटिस जॉन्सन या कृष्णवर्णीय विद्यार्थी चळवळीतल्या कार्यकर्त्याला १९६८ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली होती. वेषांतर केलेल्या पोलिसाला गांजाची एक सिगारेट दिली, एवढाच आरोप. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, तो सुटला आणि १९७३ मध्ये टेक्सासने कायदा सौम्य केला.

अटका मात्र थांबल्या नाहीत. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०१३ मध्ये देशभरातल्या नोंदी तपासल्या. २००१ ते २०१० या काळात गांजासाठी ८२ लाख अटका, त्यांतल्या ८८ टक्के नुसत्या बाळगण्यासाठी. काळ्यांत आणि गोऱ्यांत सेवनाचे प्रमाण जवळपास सारखे, तरी कृष्णवर्णीयाला अटक होण्याची शक्यता ३.७३ पट. बऱ्याच राज्यांनी गांजा कायदेशीर केल्यानंतर, २०२० मध्ये, त्याच संघटनेने हिशेब पुन्हा मांडला तेव्हा आकडा निघाला ३.६४.