ट्रायसिकल, फिलिपीनी

फिलिपीन्समधील प्रवासी वाहतुकीचे तीनचाकी वाहन. मोटारसायकलीच्या उजव्या बाजूस एका चाकाची, छप्पर असलेली साइडकार पक्की जोडून ते तयार करतात. जीपनी (जीपच्या घाटाची लांब प्रवासी गाडी) आणि बस मुख्य रस्त्यांनी जातात; तेथून आतल्या वस्तीपर्यंतचा प्रवास बहुधा ट्रायसिकलने होतो. भारतातील ऑटोरिक्षाप्रमाणे हे सबंध वाहन एका कारखान्यातून येत नाही. मोटारसायकल कंपनीची असते, साइडकार गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातली. त्यामुळे तिचे रूप गावागणिक बदलते.

उगम : याविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार ट्रायसिकलचे मूळ जपानी लष्कराच्या साइडकारमध्ये आहे. जपानमध्ये १९३० च्या दशकात हार्ले-डेव्हिडसनच्या परवान्यावर मोटारसायकली बनू लागल्या व पुढे त्या ‘रिकुओ’ नावाने ओळखल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातील जपानी अंमलात अशी साइडकारची वाहने फिलिपीन्समध्ये दिसू लागली आणि स्थानिकांनी त्यांचे अनुकरण केले, असे हे मत. अमेरिकन लष्कराच्या शिल्लक जीपांपासून जीपनी घडली, या सर्वमान्य हकिकतीशी ते समांतर आहे. त्याच्या लोकप्रियतेचे तेही एक कारण असावे. दुसरे मत असे, की सायकलला साइडकार जोडून पायडल मारत चालवायची गाडी (टागालोग भाषेत पाद्याक, व्हिसाया भागात त्रिसिकाद) आधीची असून पुढे सायकलीची जागा मोटारसायकलीने घेतली.

रचनेचा पुरावा दुसऱ्या मताकडे झुकतो. लष्करी साइडकार उघडी, बुटकी आणि एका सैनिकापुरती असे. ट्रायसिकलचे छप्पर, बाक आणि बाजूने चढण्याची सोय पाद्याकच्या अधिक जवळची आहे. अर्थात जोडणीची कल्पना एकीकडून आणि डब्याचा घाट दुसरीकडून आला, हेही असंभवनीय नाही. काळ ठरवताना आणखी एक बाब उपयोगी पडते. फिलिपीन्समध्ये १९४५ च्या मार्चपर्यंत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत; त्यानंतर ती उजव्या बाजूने चालू लागली. प्रवासी रस्त्याच्या कडेला उतरावा यासाठी साइडकार उजवीकडे असणे सोयीचे झाले ते तेव्हापासून. म्हणून आजच्या रूपातील ट्रायसिकल युद्धोत्तर मानणे सयुक्तिक ठरते. अशा वाहनाची तेव्हा गरजही होती : मनिलाची ट्रामसेवा १९४५ मधील लढाईत नष्ट झाली होती आणि वाहनांची टंचाई तीव्र होती. देशभर प्रसार मात्र हलक्या जपानी मोटारसायकली सहज मिळू लागल्यानंतरचा असावा.

रचना व चाल : सांगाडा लोखंडी नळ्यांचा, वर पत्रा किंवा स्टेनलेस स्टील. आतल्या बाकावर दोघे, समोरच्या अरुंद फळीवर आणखी एक-दोघे आणि चालकाच्या मागे एक-दोघे बसतात; परवान्यावरची संख्या याहून बहुधा कमी असते. इंजिनाची शक्ती मोटारसायकलीच्या मागच्या चाकालाच मिळते आणि साइडकारच्या चाकाला बहुधा ब्रेक नसतो. परिणामी वेग घेताना गाडी उजवीकडे ओढली जाते, तर ब्रेक दाबताना डावीकडे. उजव्या वळणावर साइडकारचे चाक उचलले जाण्याचा धोका असतो. भार ओढण्याचा जोर महत्त्वाचा असल्याने होंडा टीएमएक्स, कावासाकी बराको यांसारखी साधी, दणकट यंत्रे चालकांना पसंत पडली. पुण्याच्या बजाज ऑटोची सीटी १०० ही मोटारसायकलही फिलिपीन्समध्ये कावासाकीमार्फत विकली गेली आणि ट्रायसिकलला जोडली गेली.

मिंडानाओ बेटावरील पागाडियन हे चढउतारांचे शहर. तेथील वाहनाचा पुढचा भाग वर उचललेला आणि मागचा खाली झुकलेला असतो (कल सुमारे ४०° सांगितला जातो). बातानेस बेटांवर काही ट्रायसिकलींचे छप्पर कोगॉन गवताने शाकारतात. बोहोलमधील ताग्बिलारान येथे मागील बाजूस बायबलमधील वचन रंगवलेले असते. दुमागेते येथील ट्रायसिकल मोठी असून मोटार असूनही तिला ‘पेडिकॅब’च (म्हणजे पायडलची गाडी) म्हणतात. कागायान दे ओरो येथील मोटोरेला ही प्रवासी गाडी बहुधा चार चाकांची, म्हणून काटेकोरपणे या वर्गात बसत नाही.

नियमन : १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने (प्रजासत्ताक कायदा ७१६०) ट्रायसिकलींना परवाने देण्याचा अधिकार नगर व शहर परिषदांकडे सोपवला. भाडे, रंग, हद्द हे सर्व त्या ठरवतात. वर उल्लेखिलेली विविधता टिकून राहण्यामागे कारागिरीइतकाच या तरतुदीचाही वाटा आहे. राष्ट्रीय महामार्गांवर ट्रायसिकलींना सर्वसाधारणपणे मनाई आहे. पर्यायी रस्ता नसलेल्या गावांत ती पाळणे अवघड जाते. चालक-मालकांच्या स्थानिक संघटनेस ‘टोडा’ म्हणतात. थांब्यावरची रांग तीच सांभाळते.

प्रवासी : बाहेरून आलेल्यांना बसण्याचे दोन प्रकार माहीत असणे गरजेचे. इतरांबरोबर बसल्यास माणशी ठरलेले भाडे. एकट्याने गाडी घेतल्यास ती ‘स्पेशल’, आणि तिचे भाडे निघण्यापूर्वी ठरवलेले बरे. छप्पर बुटके असल्याने उंच माणसास वाकून बसावे लागते आणि बाहेरचे फारसे दिसत नाही. चालकाच्या मागची जागा पाहण्यासाठी चांगली, पावसासाठी नव्हे.

प्रदूषण : जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांचा धूर ही दीर्घकाळची तक्रार. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठातून निघालेल्या एन्व्हायरोफिट संस्थेने विगान व पुएर्तो प्रिन्सेसा येथे या इंजिनांवर थेट इंधन-अंतःक्षेपणाचे (इंधन सरळ सिलिंडरमध्ये फवारणारे) संच बसवले. आशियाई विकास बँकेने २०१२ मध्ये १,००,००० विजेवरील ट्रायसिकलींसाठी ३० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. प्रत्यक्षात त्यांतील थोड्याच रस्त्यावर आल्या. बोराकाय बेटावर मात्र पेट्रोलच्या ट्रायसिकलींची जागा विजेवरील गाड्यांनी घेतली आहे.