सॅडलबॅग आणि पॅनिअर: पेठेतल्या गर्दीत खरी चपटी कोणती?

मोटारसायकलच्या सामानाच्या दुकानात जाऊन “गाडीला साइड बॅग पाहिजे” म्हटलं, की काउंटरवर दोन वेगळ्या जातीच्या वस्तू येऊन पडतात आणि दुकानदार दोन्हींना साइड बॅगच म्हणतो. ऑनलाइन गोंधळ आणखी वाढतो. एकाच बॅगेच्या नावात सॅडलबॅगही असतं आणि पॅनिअरही. वर्षातून एकदा लडाखला जाणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही. पण रोज सकाळी जुळे सोलापुरातून निघायचं, सात रस्ता चौकावरून नवी पेठेत दोन दुकानांत चादरीचे नमुने टाकायचे आणि मग कन्ना चौक, अशोक चौक करत अक्कलकोट रोड एमआयडीसी गाठायची, असा ज्याचा रतीब आहे त्याचं बिघडतं. माझं बिघडलं होतं.

आधी फरक. तो आपल्याकडे दोन जुन्या गोष्टींत तयारच आहे. सॅडलबॅग म्हणजे पडशी. मधे पट्टा, दोन टोकांना दोन पिशव्या, आणि सगळं सीटवरून आडवं टाकलेलं. पिशव्या गाडीच्या अंगावर रेलतात, वजन सीटवर येतं. पॅनिअर म्हणजे दूधवाल्याच्या किटल्या. त्याने गाडीला दोन्ही बाजूंनी लोखंडी चौकट जोडून घेतलेली असते आणि किटल्या त्या चौकटीला अडकवलेल्या असतात. सीटचा त्यांच्याशी संबंध नाही. किटली उतरवली तरी चौकट गाडीवरच राहते. पॅनिअर कापडी असू शकतं, प्लॅस्टिकचं असू शकतं किंवा ॲल्युमिनियमची पेटी असू शकते. ते कशाचं आहे यावरून नाव ठरत नाही, कशावर लटकतं यावरून ठरतं. ‘मऊ ती सॅडलबॅग, कडक ते पॅनिअर’ अशी जी समजूत आहे ती इथेच चुकते.

(पॅनिअर हा शब्द मूळ लॅटिनमधल्या पावाच्या टोपलीवरून आलाय. आपल्याकडे आला असता तर भाकरीची दुरडी म्हणावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या उजव्या बॅगेत रोज तेच असतं.)

आता चपटेपणाकडे येऊ. चपटी म्हटल्यावर हसू नका, बॅगेबद्दल बोलतोय.

दुकानात रिकामी सॅडलबॅग हातात घेतली की ती पुठ्ठ्यासारखी पातळ वाटते, आणि शेजारचं पॅनिअर ठोकळ्यासारखं. साहजिकच माणूस पडशी उचलतो. मीही तेच केलं. पहिल्या दिवशी एका बाजूला डबा, पाण्याची बाटली आणि रेनकोट भरला, दुसऱ्या बाजूला टर्किश टॉवेलचे सहा नमुने. घरून निघताना गाडी गाभण म्हशीसारखी दिसत होती. कापडी बॅगेची रुंदी ही वस्तुस्थिती नसते, आश्वासन असतं. लेबलवर १५ सेंटीमीटर लिहिलेलं असतं, पण कापडाला गोल व्हायला आवडतं. भरलं की ते मधोमध फुगतं आणि जिथे फुगतं तोच तुमचा खरा आकडा. त्यात सॅडलबॅगेच्या मागे टेकायला चौकट नसेल तर ती खालच्या बाजूने आत चाकाकडे ओढली जाते, वरच्या बाजूने बाहेर झुकते, आणि वळणावर हलते ती वेगळीच.

लक्ष्मी मंडईजवळ पेरूच्या हातगाडीशेजारून निघालो होतो. हँडल आरामात गेलं. मी पुढे बघत होतो. मागून धप्प आवाज, आणि पाठोपाठ, “ओ अण्णा, हँडल तुमचं गेलं, मागचं बोचकं कोण बघणार?” पंधरा-वीस पेरू रस्त्यावर. मावशींनी मोजून पैसे घेतले, ते योग्यच होतं.

त्या दिवसापर्यंत मी एक नियम पाठ केला होता: बॅगांची एकूण रुंदी हँडलपेक्षा जास्त नको. नियम चांगला आहे, पण अर्धा आहे. तो मोठ्या शहरातल्या गाड्यांच्या रांगेत जन्मलाय. दोन मोटारींच्या मधून जाताना सगळ्यात अरुंद जागा त्यांच्या आरशांच्या उंचीवर असते, आणि मोटारसायकलचं हँडलही जवळजवळ त्याच उंचीवर. तिथून हँडल गेलं, की खाली दारांच्या मधे बॅगेला थोडी जास्तच जागा मिळते. आपल्या पेठांत चित्र उलटं असतं. हँडलच्या उंचीवर मोकळं आकाश, आणि गुडघ्याच्या उंचीवर सगळा संसार: हातगाडीचं चाक, दुकानाची पायरी, बाहेर मांडलेल्या बादल्या, रिक्षाचं मागचं मडगार्ड, बसलेली गाय. बॅग नेमकी त्याच उंचीवर लटकलेली असते. शिवाय वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या थोडं आतून जातं. म्हणजे रिक्षाला वळसा घालताना हँडल ज्या रेषेतून गेलं तिच्याही आतून बॅग जाणार. म्हणून सोलापुरात हँडलइतकी रुंदी पुरत नाही. दोन्ही बाजूंना हँडलपेक्षा निदान चार बोटं आत बॅग असली तर मी तिला चपटी म्हणतो.

हे डोळ्यांनी ठरवू नका. घराच्या शहाबादी फरशीवर गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा. दोरीला नट बांधून ओळंबा करा, हँडलच्या दोन्ही टोकांवरून सोडा, खाली खडूने खूण करा. मग बॅग रोजच्या सामानाने भरून लावा (रिकामी मोजाल तर सगळं फुकट) आणि सगळ्यात फुगलेल्या जागेवरून तसाच ओळंबा सोडा. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजा. स्प्लेंडर प्लसची रुंदी कंपनी ७२० मिलिमीटर देते, क्लासिक ३५० ची आरसे सोडून ७८५. म्हणजे स्प्लेंडरला मधल्या रेषेपासून एका बाजूला ३६ सेंटीमीटर मिळतात. चार बोटं सोडली तर २९ उरले. त्यातून गाडीचं मागचं अंग आणि चौकट वजा करा, उरेल ती तुमच्या बॅगेची जाडी. समजा चौकट मधल्या रेषेपासून १५ सेंटीमीटरवर आली, तर बॅगेला १४ उरतात.

चौदा सेंटीमीटरमध्ये काय मावणार, असं वाटतं. हिशोब करून बघा. ४० लांब, ३० उंच आणि १४ जाड म्हणजे जवळपास १७ लिटर. दोन बाजूंचे मिळून ३४. तीच बॅग २५ सेंटीमीटर जाड घेतली तर एका बाजूचे ३० लिटर मिळतात, पण गाडी दोन्हीकडून मिळून २२ सेंटीमीटरने रुंद होते. ऑफिसच्या माणसाला लागतं काय? लॅपटॉप उभा राहतो. फाइल उभी राहते. गोल पुडाचा डबा सोडून चपटा डबा घ्यावा लागतो, एवढंच. आणि या बाबतीत आपली कडक भाकरी जगात भारी: पापडासारखी उभी सरकवा, शेंगा चटणीची पुडी शेजारी, जाडी शून्य. स्पीडब्रेकरवर मोडते, पण मोडूनच खायची असते. लेबलवरचे लिटर त्यामुळे मी आता वाचतच नाही. लिटर हे दुकानदाराचं माप आहे.

चपटेपणा फुकट मात्र मिळत नाही. जाडी कमी केली की बॅग एक तर उंच होते किंवा मागे लांबते. मागे लांबली आणि जड सामान मागच्या चाकाच्या आसाच्याही पलीकडे गेलं, की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल उगाच डुलायला लागतं. म्हणून जड वस्तू पुढच्या-खालच्या कोपऱ्यात, चाकाला लागून. पण फार पुढेही नको, नाहीतर सिग्नलला पाय टेकून गाडी मागे ढकलताना पोटरीला बॅग लागत राहते. वजनाची मर्यादा गाडीच्या आणि चौकटीच्या पुस्तिकेत असते, ती बघा. मागे कोणी बसणार असेल तर तेही त्यातच मोजायचं.

मागे बसणाऱ्यावरून आठवलं. आपल्या गाड्यांना डावीकडे साडी गार्ड असतं. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं, आधाराला हँडल आणि पाय ठेवायला जागा हवी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. उजवीकडे बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर. म्हणजे गाडीच्या दोन बाजू मुळातच सारख्या नाहीत, आणि बॅगा मात्र जोडीने, सारख्या विकल्या जातात. पडशी इथे दोन्हीकडे अडचणीत येते. उजवीकडे ती सायलेन्सरवर टेकली तर कापड वितळतं, मग लोक ती वर ओढून बांधतात आणि फुगवटा आणखी बाहेर येतो. डावीकडे घरची मंडळी एका बाजूला पाय सोडून बसली की बॅग पायाखाली येते, नाहीतर फूटरेस्टच सापडत नाही. बॅग बसावी म्हणून साडी गार्ड काढून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांचं ऐकू नका. चौकटीवरच्या पॅनिअरला निदान ठरलेली जागा असते: उजवी सायलेन्सरच्या वर, डावी गार्डच्या बाहेर, आणि मागचे इंडिकेटर दिसतील अशी. उजवी बाजू सायलेन्सरमुळे थोडी बाहेर येणारच. त्यामुळे पातळ बॅग उजवीकडे लावावी आणि जरा जाड डावीकडे, असं मी करतो. जोडी जुळत नाही, पण पारडं सारखं राहतं.

कडक पेटीबद्दल थोडक्यात. तिचा एक गुण मोठा: ती फुगत नाही. सकाळी जेवढी रुंद, संध्याकाळीही तेवढीच, आणि कुलूप लागतं. ज्यांना बँकेची कागदपत्रं किंवा रोकड न्यायची आहे त्यांनी अरुंद प्लॅस्टिकची पेटी घ्यावी. लांबच्या टूरवाल्या ॲल्युमिनियमच्या पेट्या शहरात घालू नयेत, त्या दिसायला छान असतात आणि त्यांचे कोपरे दुसऱ्याच्या नडगीच्या उंचीवर असतात. कापडी बॅग घासली तर समोरचा शिवी देऊन पुढे जातो. पेटी घासली तर त्याच्या गाडीवर ओरखडा उठतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, तेव्हा उन्हात उभ्या बंद पेटीतला दहीभात दुपारपर्यंत कसा होतो ते एकदा अनुभवलंय.

पावसाची भीती इथे थोडी जास्त दाखवली जाते. कोकणातला माणूस वॉटरप्रूफ शोधतो, आपल्याला धूळ जास्त छळते. बॅगेची चेन धुळीनेच अडकते. दर आठवड्याला ब्रशने झटकून वर मेणबत्ती घासली की सरळ चालते. गुंडाळून बंद करायच्या तोंडाची बॅग धूळ आणि पाऊस दोन्हींना पुरते, पण रोज तीनदा गुंडाळायचा कंटाळा येतो. दुकानादुकानात नमुने काढून दाखवायचे असतील तर चेनच बरी.

मग मी काय केलं? सॅडलबॅग ठेवून दिली, आता गावाला जाताना मागे कोणी नसलं की वापरतो. त्या कामाला ती उत्तम आणि तिला गाडीवर काही जोडावं लागत नाही. रोजसाठी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पातळ नळीची चौकट करून घेतली. तो म्हणाला, “मालक, अजून दोन इंच बाहेर घेऊ का, मजबूत दिसेल.” नाही म्हटलं. चौकट जितकी अंगाला चिकटून, तितकी जाडी बॅगेला मिळते. वेल्डिंगच्या आधी सायलेन्सर, शॉकॲब्सॉर्बर आणि चेनला नीट जागा सुटते का ते मी गाडीवर बसून, गाडी दाबून बघितलं. मागे माणूस बसला की गाडी खाली येते हे तिथे विसरायला होतं. त्यावर कापडी पॅनिअर, आणि बॅगेच्या बाहेरच्या अंगाला आतून पातळ प्लायचा तुकडा. हा तुकडा म्हणजे सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा भाग. कापड फुगायला बघतं, प्लाय फुगू देत नाही. बॅग कापडाची, शिस्त पेटीची. प्लायच्या कडा टॉवेलच्या पट्टीने गुंडाळल्यात, नाहीतर महिन्याभरात कापड कापलं जातं.

बॅगा बकलवर निघतात. कारखान्यावर पोचलो की दोन्ही हातांत घेऊन आत, त्यामुळे पार्किंगमध्ये शेजारची गाडी काढणाऱ्याला अडचण होत नाही. जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की तो पंधरवडा बॅगा घरीच, पाठीवर सॅक. आणि रविवारी डावी बॅग काढलेली असते, कारण त्या बाजूला सौ. बसतात आणि बॅगेबद्दल त्यांचं मत पेरूवाल्या मावशींसारखंच आहे.