सामुदायिक सेवा : तास किती आणि चुकवले तर काय?

किरकोळ गुन्ह्याला तुरुंगाऐवजी काम, ही शिक्षा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने लागू केली. कल्पना मात्र जुनी. भारतीय दंड संहितेच्या १९७८ च्या दुरुस्ती विधेयकात ती किमान ४० आणि कमाल १,००० तास अशा मर्यादेसह होती. राज्यसभेने मंजूर केलेले ते विधेयक १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळले.

प्रत्यक्ष वापराचे धडे न्यूयॉर्कमध्ये मिळतात. मिडटाउनमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या वस्ती-न्यायालयात दुकानातली उचलेगिरी, सबवेचा फुकट प्रवास, विनापरवाना विक्री अशी प्रकरणे येत. निकाल लागला की त्याच इमारतीत कामाची तारीख मिळे आणि व्यसन असेल तर समुपदेशकही तिथेच भेटे. झाडलोट, भिंती रंगवणे ही कामे त्याच वस्तीत, शक्यतो लगेच सुरू होत. म्हणून सुमारे तीन चतुर्थांश लोक काम पुरे करत. मुख्य न्यायालयात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. न्यूयॉर्कच्याच रेड हुक वस्तीतल्या अशाच न्यायालयाच्या २०१३ मधल्या मूल्यमापनात प्रौढांचे पुन्हा गुन्ह्याकडे वळणे १० टक्क्यांनी कमी आढळले. श्रेय धाकापेक्षा, न्यायाधीश ऐकून घेतात या अनुभवाला दिले गेले.

वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. मुख्य न्यायालय अनेकांना कोठडीतला काळ हीच शिक्षा मानून सोडून देई. इथे त्याच गुन्ह्याला काही दिवसांचे काम लागे आणि ते चुकवले की तुरुंग. सौम्य म्हणून आणलेली शिक्षा अशी मागच्या दाराने कडक होते.

नेमकी हीच गाठ आपल्याकडे पडली आहे. सामुदायिक सेवा सहा गुन्ह्यांना आहे. पाच हजारांखालची चोरी, दोषसिद्धी पहिलीच, माल किंवा त्याची किंमत परत केलेली, अशा वेळी शिक्षा फक्त हीच. तास मात्र संहितेत कुठेच लिहिलेले नाहीत. व्याख्यासुद्धा फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ च्या स्पष्टीकरणात आहे, तीही समाजोपयोगी, बिनमोबदल्याचे काम एवढीच. चुकवल्यास काय, ते न्याय संहितेचे कलम ८(५) सांगते: दंड ५,००० पर्यंत असेल तर दोन महिने, १०,००० पर्यंत चार महिने, इतर बाबतीत एक वर्षापर्यंत साधी कैद. सेवेला रक्कम नसते, त्यामुळे शब्दशः वाचले तर ती थेट तिसऱ्या खणात पडते. चार हजारांचा चोरलेला मोबाइल परत करून पुढे झाडलोटीला न आलेल्याला वर्षाची कैद शक्य होते. पाच हजारांचा दंड थकवणारा मात्र दोन महिन्यांत सुटतो. १९७८ ची तासांची चौकट सोडायला नको होती. ती परत येईपर्यंत दंडाधिकाऱ्यांनी आदेशातच तास, जागा, हजेरी घेणारा अधिकारी, अहवालाची तारीख आणि काम चुकवल्यास कैदेची मुदत लिहायला हवी.