प्रवाळ मत्स्यालयाचे स्थलांतर

प्रवाळ मत्स्यालयाचे स्थलांतर : खाऱ्या पाण्याच्या रुळलेल्या मत्स्यालयातील खडक, प्रवाळ व मासे मोठ्या टाकीत हलविण्याची प्रक्रिया. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या विदर्भातील खेड्यांत हा छंद विरळाच. जेथे तो आहे तेथे टाकी बदलण्याचा बेत पाणी, ऊन आणि वीज यांचा अंदाज घेऊनच आखावा लागतो.

रुळलेल्या टाकीचा प्राण पाण्यात नसतो, सच्छिद्र खडकात असतो. खडकावरचे जीवाणू माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. आतल्या, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या पोकळ्यांतले जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. म्हणून जुने पाणी टाकून दिले तरी चालते, खडक मात्र सुकता कामा नये. वाळूचे उलट आहे. तिच्या तळाशी साचलेला गाळ ढवळला गेला की अमोनिया, कधी हायड्रोजन सल्फाइडही सुटतो, आणि स्थलांतरानंतर मासे एकाएकी दगावतात तेव्हा पहिला संशय या वाळूवरच घ्यावा. जुनी वाळू खळखळून धुवावी, किंवा सरळ नवी घालावी.

वाढीव पाणी आधीच बनवून ठेवतात : लिटरमागे सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी मुळातच खारे असते, पण त्याचा येथे काही उपयोग नाही. त्यातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यासारखे नसते. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आढळते. कुठलेही पाणी आरओ (पडद्यातून गाळणारे यंत्र) आणि त्यानंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणावे लागते. आरओ बरेच पाणी वाया घालवते, त्यामुळे गाव टँकरवर असताना हे काम काढणे योग्य नव्हे. तसेही एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. पावसाळा सरल्यानंतरचे, कडाक्याची थंडी पडण्याआधीचे दिवस सर्वांत सोयीचे.

शेतकरी घरात एक धोका विशेष जपावा लागतो. फवारणीचे औषध कालवलेला ड्रम कितीही धुतलेला असला तरी वापरू नये. कीटकनाशकाचा अंशही कोळंबी, खेकडे यांसारख्या प्राण्यांना मारतो. ड्रम नवे, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचे घ्यावेत.

नवी टाकी दोन दिवस साध्या पाण्याने भरून गळती तपासतात. ४०० लिटर समुद्रजलाचे वजनच सुमारे ४१० किलो भरते; त्यात काच व खडक धरले तर सारवलेली मातीची जमीन ते पेलत नाही, सपाट काँक्रीटचा पाया हवा. हलवताना खडक व प्रवाळ जुन्या टाकीच्या स्वच्छ पाण्यात ठेवतात आणि मासे निराळ्या ड्रममध्ये. लाइन गेली तरी पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून बॅटरीवरचा हवापंप तयार ठेवतात. पूर्व विदर्भात मामा (माजी मालगुजारी) तलावांत मत्स्यबीज सोडण्यापूर्वी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवण्याची रीत आहे. तापमान जुळवण्याचे तेच तत्त्व येथे लागू पडते. झोअँथस प्रवाळात पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते. हे प्रवाळ असलेला खडक हातमोजे व चष्म्याशिवाय घासू नये आणि कधीही उकळू नये.

नव्या टाकीवर बहुधा अधिक प्रखर दिवे असतात. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले एकदम आलेल्या प्रकाशाने बाहेर पडतात व प्रवाळ पांढरे पडते. म्हणून प्रकाश काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा. मोकळी जागा दिसली म्हणून लगेच नवे मासे आणू नयेत. भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावरून उचललेला तुकडा टाकीत ठेवणे हा गुन्हा ठरतो. अमोनिया व अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) पहिले काही दिवस रोज तपासतात. रिकामी झालेली जुनी टाकी पुढे नवे किंवा आजारी मासे वेगळे ठेवण्यास उपयोगी पडते.